आत्याला खुर्ची देण्याबाबत

६ फेब्रुवारी

चि. ढब्यास,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने मोजून द्यायची गरज नाही.

तुझ्या आत्यावर संकट कोसळलं आहे. बेटाच्या सन्मान समितीने यंदाच्या 'उत्कृष्ट सेवा' सन्मानासाठी माझं नाव पक्कं केलं. अध्यक्ष आपलं रंगाचं दुकान सोडून स्वतः धक्क्यावर सांगायला आले. चेहरा असा केला होता, की मला वाटलं कुणीतरी गेलं. मी विचारलंसुद्धा, कोण हो? तर म्हणाले, "तुमचं अभिनंदन."

तू शाळा संपायच्या आत शहरात गेलास, त्यामुळे तुला इथली ही नवी तऱ्हा ठाऊक नसणार. आमच्या बेटावर कुणाला कामावरून काढत नाहीत. एवढंसं बेट, सकाळी काढलं तर संध्याकाळी तोच माणूस पाण्याच्या रांगेत शेजारी उभा. मग बोलायचं काय? म्हणून सत्कार करतात. नियमच आहे समितीचा, की ज्याचा सन्मान झाला त्याने पुन्हा कष्ट करू नयेत. धक्क्यावरच्या प्रतीक्षालयात त्याच्या नावाची पाटी लावून एक खुर्ची ठेवतात. त्याने तिच्यात बसावं आणि समाधानी दिसावं.

पहिली खुर्ची न्हाव्याला मिळाली, त्याचा हात थरथरायला लागला तेव्हा. बेटावरचे कान वाचले. दुसरी बेकरीवाल्याला, कारण त्याच्या पावाने डॉक्टरांचा दात तोडला. तिसरी मास्तरांना. ते शाळा सोडून बाप झालेल्या मुलांची हजेरी घ्यायला लागले होते. आता ते तिघे दिवसभर रांगेने बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची उणीदुणी काढतात. चौथी खुर्ची सुतार करतोय. माझं माप घ्यायला आला होता, त्याला असं झापलं, की पट्टी टाकून पळाला.

मला सांग, माझं काय बिघडलंय? लाँच वेळेवर सुटते, वेळेवर लागते. उलट हल्ली लोकांची माया वाढली आहे. लाँच धक्क्याकडे वळली, की सगळे कडेला येऊन "आत्या! ए आत्या! इकडे!" म्हणून आरोळ्या ठोकतात. भाजीवाली तर चक्क थाळी बडवते. एवढं कौतुक माझं लग्नातसुद्धा झालं नव्हतं, तेव्हा सगळं लक्ष जेवणावर होतं.

तेव्हा यामागे कोण आहे ते उघड आहे. अध्यक्षांचा मेहुणा. त्याने लाँच चालवायचा परवाना काढलाय, काळा चष्मा घेतलाय आणि बहिणीच्या घरी, म्हणजे अध्यक्षांकडे, येऊन ठाण मांडलंय. त्याला माझं चाक पाहिजे.

आता तुझं काम. तू शहरात साबणाच्या जाहिराती लिहितोस हे इथे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मानपत्र लिहायला ते तुलाच सांगणार. हो म्हण. आणि इतकं भिकार लिही, की समितीला वाचायची लाज वाटून सत्कार रद्द झाला पाहिजे. तुला फार कष्ट पडू नयेत.

तुझी आत्या

*

१४ फेब्रुवारी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार.

समितीचं पत्र आलं. मानपत्र लिहून पाठवलं, नक्कल सोबत आहे. तू म्हणतेस तसं भिकार लिहायचा प्रयत्न केला, पण पोटापाण्याची सवय, चांगलंच लिहिलं जातं.

आत्या, एक सांगू? सत्कार हा शेवटी सत्कार असतो. इतकी वर्षं ऊन, वारा, खारं पाणी अंगावर घेतलंस. जरा बसलीस तर काय बिघडणार आहे? बेकरीवाल्याशेजारी बसायचं नसेल तर आमच्याकडे ये. मागची खोली रिकामी आहे. चिमणी रोज विचारते, आत्याआजी कधी येणार. आमच्या चौकात एक डोळ्यांचे डॉक्टरही चांगले आहेत, आपलं सहज सांगतोय.

मेहुण्याचं डोक्यात घेऊ नकोस. माणूस तसा वाईट नसेल.

तुझा ढब्या

*

२२ फेब्रुवारी

चि. ढब्यास,

मानपत्र वाचलं. भिंग घेऊन वाचलं, कारण तुझं अक्षर मुंगीने लिहिल्यासारखं आहे. "लाटांवरही ज्यांच्या सेवेची कोमलता टिकून राहते"? मी लाँच चालवते का अंगाला लावायची वडी आहे? अध्यक्ष मात्र वाचून गहिवरले. म्हणजे तुझा काही उपयोग झाला नाही.

आणि ते डोळ्यांच्या डॉक्टरचं मध्येच काय? माझे डोळे शाबूत आहेत. कालच अध्यक्षांना लांबून ओळखलं आणि हात केला. जवळ गेल्यावर तो टाकीचा पाइप निघाला, पण अध्यक्ष आणि पाइप यांत फरक करायला कुणालाही जवळच जावं लागतं. तू सुट्टीत आला होतास तेव्हा लाँच खडकाला जराशी घासली, तेच मनात धरून बसला असशील तर सोडून दे. लाट मोठी होती.

बरं, मी काही गप्प बसलेली नाही. परवा अध्यक्षांना दुकानात गाठलं आणि रंगाच्या डब्यांमध्ये कोंडलं. म्हटलं, माझं नाव समितीत कुणी सुचवलं ते कळल्याशिवाय हलणार नाही. बराच वेळ घाम पुसला, मग म्हणाले, "सूचना बेटाबाहेरून आली होती." पुढे एक अक्षर काढेनात.

बाहेरून! म्हणजे मेहुणाच. तो गेल्या महिन्यापर्यंत शहरातच होता. आता तू एवढं कर. तो तिथे कुठे कामाला होता, का सोडलं, काही भानगड केली होती का, सगळं खणून काढ आणि मला कळव. भर सभागृहात त्याचा काळा चष्मा उतरवते. हे चाक माझ्या हातात माझ्या बापाने दिलं. ते मी कुणाच्या बायकोच्या भावाला देणार नाही. जाईन तेव्हा माझी मी जाईन.

लवकर लिही. कार्यक्रम मार्चअखेर आहे.

तुझी आत्या

*

३ मार्च

ती. आत्यास,

हे पत्र तीनदा फाडून झालं. आता फाडणार नाही.

मेहुण्याबद्दल काही खणलं नाही. सूचना त्याची नव्हती. माझी होती.

त्या दिवशी लाँचवर मी चिमणीला मांडीवर घेऊन पुढच्या बाकावर बसलो होतो. खडकापाशी ते लाल पिंप तरंगत ठेवलंय ना, लांब राहा म्हणून? ते चिमणीलासुद्धा दिसलं. "बाबा, पिंप," म्हणाली. आणि तू गाणं गुणगुणत लाँच सरळ त्याच्यावर नेत होतीस. तिकीटवालीने धावत येऊन तुझ्या हातावरून चाक फिरवलं, तरी तळ घासलाच. बाकं हादरली. चिमणी माझ्या मांडीवरून खाली पडली. तू मागे वळून म्हणालीस, "लाट मोठी होती." आत्या, त्या दिवशी समुद्र ताटात ओतल्यासारखा सपाट होता.

लोक आरोळ्या ठोकतात ते कौतुकाने नाही. धक्का कुठे आहे ते तुला कळावं म्हणून ओरडतात. भाजीवाली थाळी बडवते तिथे पायऱ्या सुरू होतात. मी उतरल्यावर तिलाच विचारलं. तिला वाटलं मला माहीत असेल.

घरी आल्यावर मी अध्यक्षांना लिहिलं. म्हटलं, आत्याला दुखवू नका, पण काहीतरी करून तिला चाकावरून उतरवा. त्यांनी सत्कार काढला. त्यांच्याकडे सगळ्या रोगांवर तेवढं एकच औषध आहे.

तू रागावणार. मीही रागावलोय. माझी पोर त्या लाँचवर होती. दुसऱ्यांच्या पोरी रोज असतात. तुला काही झालं तर मी काय करू, हा विचार करून मला झोप लागत नाही, आणि तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाला झालं तर, हा विचार त्याच्याही पुढचा.

मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण आत्या, लाँच थांबव.

तुझा ढब्या

*

९ मार्च

ढब्या,

पत्र पोचलं. लाँच वेळेवर आहे.

आत्या

*

२० मार्च

ती. आत्यास,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं तर. मी ते उलटं करूनही पाहिलं, मागे काही लिहिलंय का म्हणून.

बायको म्हणते, "तुम्ही ओळी मोजू नका, तिकडे जा." मी म्हटलं, बोलावलं नाही. ती म्हणाली, "घरच्या माणसाला बोलवायचं असतं का?" मग आमचं दोन दिवस वाजलं.

कार्यक्रमाला येऊ का? तू हो म्हणालीस तर येतो. काहीच कळवलं नाहीस तर नको समजेन. निदान शिव्या तरी पाठव ना. तू गप्प बसलेली मला सोसत नाही.

तुझा ढब्या

*

४ एप्रिल

ढब्यास,

तुला कळवलं नाही आणि तू आला नाहीस. येशील असं मला वाटलं होतं. असो, शिव्या शेवटी आहेत. आधी कार्यक्रम ऐक, कारण तिकडे कुणीतरी तुला तिखटमीठ लावून सांगणारच.

शाळेच्या सभागृहात माणूस मावत नव्हतं. अध्यक्षांनी दुकानातला खपत नसलेला हिरवा रंग भिंतींना फासला होता. तो अजून ओला होता, त्यामुळे निम्मं बेट हिरवं होऊन घरी गेलं. पुढच्या रांगेत न्हावी, बेकरीवाला आणि मास्तर आपापल्या खुर्च्या धक्क्यावरून उचलून आणून बसले होते. मेहुणा टोपी घालून आला होता. त्याला सोनेरी पट्टी होती म्हणे. व्यासपीठावर माझी नवी खुर्ची. माप न घेता केलेली, दोघी बसतील एवढी रुंद. सुताराने सूड उगवला.

तुझं मानपत्र अध्यक्षांनी वाचलं. कोमलतेपर्यंत आले आणि मी उठले. म्हटलं, "पुरे. हे ज्याने लिहिलंय त्याचं माझ्यावर प्रेम आहे, पण त्याला साबण विकायची सवय आहे. मला एक विचारायचंय. मला दिसत नाही हे ज्यांना ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हात वर करा."

मला तर समोर नुसता हिरवा धूर. मी तिकीटवालीला विचारलं, "किती गं?"

ती म्हणाली, "सगळे, आत्या. न्हावीकाकांचे तर दोन्ही."

तेव्हा मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मग रडता रडता राग आला. म्हटलं, "अरे, एवढे सगळे आहात. माझ्या हातचं खाल्लंय, माझ्याकडून शिव्या खाल्ल्यात, रोज जीव माझ्या हातात देऊन पलीकडे जाता. थाळ्या बडवल्यात, खुर्ची केलीत, भिंती रंगवल्यात. पण 'आत्या, तुला दिसत नाही, उतर,' एवढं माझ्या तोंडावर म्हणायला एकाचीही जीभ उचलली नाही? बेकरीवाल्याला पावाचं सांगितलं नाहीत, न्हाव्याला हाताचं सांगितलं नाहीत..."

इथे माझं चुकलं. बोलायच्या भरात भान राहिलं नाही. न्हावी उठला. अगदी हळू विचारलं त्याने, "म्हणजे माझा सत्कार हात थरथरतो म्हणून केला होता?"

अध्यक्ष कागद चाळायला लागले. त्या माणसाला इतकी वर्षं खरंच माहीत नव्हतं रे. रोज त्या खुर्चीत कॉलर ताठ करून बसायचा. मी खाली उतरून, दोनतीन गुडघ्यांना धडकत, त्याच्यापाशी गेले आणि सांगितलं, "हो. तुझा हात हलतो. लोकांना भीती वाटायची." त्याने कॉलर सैल केली. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. मला आतून वाटायचं, लोकांना माझ्या गप्पांचा कंटाळा आला." आणि माझा हात धरून बसला.

बेकरीवाला मात्र म्हणाला, "माझ्या पावाला काहीही झालेलं नव्हतं."

मग मी लाँचची किल्ली काढली. मेहुणा टोपी सारखी करत पुढे आला. त्याला म्हटलं, बाजूला हो, आणि किल्ली तिकीटवालीच्या हातात दिली. तिच्याकडे परवाना आहे. गेल्या वर्षी दाढ काढायला म्हणून शहरात गेली होती ना, ती परीक्षा द्यायला गेली होती. मीच पाठवलं होतं. वर्षभर माझ्या शेजारी उभी राहून "जरा डावीकडे, आत्या, आता सरळ" करत तिनेच लाँच चालवली. एकदा मी तिचं ऐकलं नाही, त्या दिवशी तू आणि चिमणी लाँचवर होता. पोर आलेली, मला तिला दाखवायचं होतं, की आत्याआजी एकटी चालवते. पोर पडली हे मला तुझ्या पत्रातून कळलं. त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. ते वाचल्यापासून मी चाकाला हात लावलेला नाही. तुला लाँच वेळेवर आहे असं लिहिलं, ती तिने वेळेवर ठेवली होती.

तेव्हा मला काही कळत नव्हतं अशा समजात राहू नकोस. आरोळ्या कशासाठी आहेत ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. पण गोड वाटायचं ऐकायला, म्हणून कौतुक समजून ऐकत राहिले. आज सोडते, पुढच्या महिन्यात सोडते, असं रोज म्हणायचे. आपल्या हाताने सोडणं फार जड जातं. कुणीतरी हात धरून सोडवायला हवं होतं.

पुढची गंमत अशी. किल्ली दिल्यावर टाळ्या पडल्या आणि अध्यक्षांना चेव आला. माइक ओढून म्हणाले, "अशा निष्ठावान तिकीटवालीचा आपण याच व्यासपीठावर सत्कार करू या!" मी ओरडले, "खबरदार! बेटावर एक धड माणूस लाँच चालवायला उरलंय. तिला खुर्ची दिलीत तर पोहत जाल." अध्यक्ष इतके गांगरले, की घाम पुसत मागे मटकन बसले, ते नेमके माझ्या खुर्चीत. मास्तर जागे झाले आणि टाळ्या वाजवायला लागले. मग सगळेच. लोक उभे राहिले. आता अर्धं बेट म्हणतंय अध्यक्षांचा सत्कार झाला, नियमाप्रमाणे त्यांनी घरी बसावं. ते म्हणतात, आपण फक्त टेकलो होतो. वाद चालू आहे.

आता तू.

तू लिहिलंस ते सगळं खरं होतं. लिहिलंस तेही बरं केलंस. पण आधी कुणाला लिहिलंस? रंगवाल्याला. त्या दिवशी लाँचवरून उतरलास, माझ्या घरी राहिलास, माझ्या हातचं जेवलास, चिमणीला माझ्या कुशीत झोपवलंस, आणि मला एक शब्द बोलला नाहीस. परक्या माणसाला माझ्याबद्दल पत्र पाठवलंस आणि मला त्याच्याकडून कळवलंस. या बेटावर सगळे तसेच वागले, पण त्यांना मी वाढवलेलं नाही. तुला वाढवलंय. हे मला फार लागलं ढब्या.

तू तेव्हा सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. घरातून बाहेर काढलं असतं, डबासुद्धा दिला नसता. पण तू सांगायचं होतंस.

मागच्या खोलीत मी येईन. डॉक्टरकडेही येईन. मोतीबिंदू असेल, काढतील, नाही निघाला तर बघू. पण पत्राने बोलावलंस तर येणार नाही. इथे ये, माझ्यासमोर उभा राहा आणि ते माझ्या तोंडावर सांग. जसं मी न्हाव्याला सांगितलं तसं.

तुझी आत्या

*

१० एप्रिल

ती. आत्यास,

काल रात्रीपासून आरशासमोर उभा राहून म्हणून बघतोय. "आत्या, तुला दिसत नाही." एवढंच वाक्य. दरवेळी 'तुला'पाशी थांबतो. चिमणी दारातून बघत होती. ती म्हणाली, "एवढं काय त्यात? मी सांगू का आत्याआजीला?" तिला म्हटलं, नको, हे मलाच सांगायचंय.

शनिवारच्या पहिल्या लाँचने येतोय. जरा घाबरलोय. मधेच थांबलो तर पूर्ण करायला लाव.

तुझा ढब्या